शाळेचा पट आणि सीमेची रेघ



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक संस्थेने मला दिली. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा फार तर नवकवितेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका आकड्याच्या इतिहासावर बोलणार आहे. गावात किती मुले असली म्हणजे तेथे शाळा असावी, हा तो आकडा. ‘पट कमी आहे, म्हणून शाळा मिटवून शेजारच्या शाळेत विलीन करावी’ हे वाक्य अलीकडे इतके सरावाचे झाले आहे की त्यातला ‘कमी’ हा शब्द कोणी ठरवला, केव्हा ठरवला आणि कशासाठी ठरवला, हे विचारण्याचे आपण सोडून दिले आहे. कमी म्हणजे कशाहून कमी? या प्रश्नाचे उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांच्या कागदपत्रांत विखुरलेले आहे, आणि आपण ज्या सीमाभागात राहतो तेथे त्याला आणखी एक पदर आहे.

आरंभ बडोद्यापासून करू. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राजवटीत १८९१च्या सुमारास ग्रामशाळांची योजना सुरू झाली. ज्या गावात निदान सोळा मुले मिळतील तेथे शाळा काढावी, असे तिचे सूत्र होते. पाटील-कुलकर्ण्यांप्रमाणे शिक्षकही गावगाड्यातलाच एक सेवक मानावा, अशी त्यामागची कल्पना होती. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९३मध्ये, अमरेली आणि तिच्या आसपासच्या मिळून दहा गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६मध्ये ती सक्ती सर्व संस्थानात लागू करण्यात आली. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की सोळा हा आकडा दरबाराने स्वतःला घालून घेतलेले बंधन होते. सोळा मुले दाखवा, शाळा देणे आमच्यावर आले, असा त्याचा अर्थ. सतरावा मुलगा गाव सोडून गेला आणि पुढच्या वर्षी आणखी दोघे गेले, तर शाळा उचलावी, असा विचार त्या सूत्राच्या मुळाशी नव्हता.

हेच ब्रिटिश मुलखात घडावे म्हणून नामदार गोखल्यांनी १९११मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्यातही प्रमाणाची अट होती: ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच सक्ती करावयाची. गोखल्यांनी ही अट सरकारचा धीर वाढावा म्हणून घातली होती. सरकारचा धीर काही वाढला नाही आणि १९१२मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९१७मध्ये सक्तीचा व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंडही ठेवला.

आता आपल्या मुलखाकडे वळू. सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेकडे उतरू लागले की चंदगड आणि खानापूर हे दोन तालुके लागतात. ताम्रपर्णी एकीकडून वाहते, कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा दुसरीकडून. पाऊस, रान, भाताची खाचरे, धनगरवाडे, एका मूळ गावाच्या पोटातल्या पाच-सात वाड्या. दोन्हीकडचे जीवन एकाच साच्यातले. बाजार बेळगावचा, सोयरीक एकमेकांत, बोलीही जवळजवळ तीच. एक नोव्हेंबर १९५६पर्यंत हे दोन्ही तालुके बेळगाव जिल्ह्यातच होते. १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यान्वये दोन्हीकडच्या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाच्या अमलाखाली चालत. वस्तीच अशी विखुरलेली, की येथे शाळा म्हटली म्हणजे बहुधा एकशिक्षकी. एक मास्तर, एक खोली, चार इयत्ता. मास्तर पाटीवर पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला लावून चौथीचे गणित घेणार.

एकशिक्षकी शाळेकडे दयेने पाहण्याची रीत तेव्हाही होती. या रीतीला विचारपूर्वक उत्तर देणारा माणूस आपल्या शेजारचाच. जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. तुरुंगातून सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरीत त्यांनी ग्रामकार्य केले, पुढे ते १९६४-६६च्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्यांनी एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. विरळ वस्तीच्या देशात ही शाळा अपरिहार्य आहे, तेव्हा ती चालविण्याचे शास्त्र शिक्षकाला शिकवले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या अध्यापक विद्यालयांनी हे शास्त्र मनावर घेतले असते तर पुढचा पुष्कळ इतिहास निराळा झाला असता, असे माझे मत आहे.

१९४९च्या ऑगस्टमध्ये प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. मुलाला प्राथमिक शिक्षण त्याच्या मातृभाषेतून मिळावे, आणि ती प्रांतभाषेहून वेगळी असेल तर शाळेत त्या भाषेची एकंदर ४० किंवा एका वर्गात १० मुले असल्यास निदान एक शिक्षक नेमावा, असे तिने ठरविले. हेच ते ४० आणि १०चे सूत्र. राज्यपुनर्रचनेबरोबर १९५६मध्ये घटनेत ३५० (अ) हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचे आवाहन राज्यांना करण्यात आले. ‘पुरेशी’ म्हणजे किती, याचे उत्तर देताना शासकीय कागद पुन्हा त्याच ४० आणि १०कडे बोट दाखवू लागले. १९६१च्या मुख्यमंत्री परिषदेनेही ते सूत्र कायम ठेवले.

परंतु हे सूत्र करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शहर होते. मोठी शाळा, तीत बहुसंख्य मुले एका भाषेची आणि थोडी दुसऱ्या भाषेची, असे ते चित्र. ज्या वाडीत सगळी मुले मिळूनच पंधरा, तिचा विचार त्यात नाही. दक्षिण विभागीय परिषदेने १९५९मध्ये त्यावर एक उपाय सुचविला. भाषिक अल्पसंख्य मुलांची नावे वर्ष सुरू होण्यापूर्वीच नोंदवून घ्यावीत, आणि एका शाळेत संख्या भरत नसेल तर शेजारच्या शाळेशी मेळ घालावा. नोंदणीची कल्पना उत्तमच होती. मेळ घालण्याची कल्पना ज्याने मांडली, त्याने जांबोटीकडचा पावसाळा पाहिला नसावा. सहा वर्षांचे मूल आषाढात ओढा ओलांडून दुसऱ्या गावाशी कसा मेळ घालणार?

१९५६च्या राज्यपुनर्रचना कायद्यात नव्या म्हैसूर राज्याचे वर्णन करताना ‘चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा’ असे शब्द आहेत. (बिदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर याच रीतीने वगळले गेले.) या पाच शब्दांनी चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. शिनोळी इकडे, बाची तिकडे. पुढे महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि सापेक्ष भाषिक बहुसंख्या या पाटसकर सूत्राचा आग्रह धरला आणि ८१४ गावांची मागणी केली. १९६६मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७मध्ये निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे त्यावेळच्या म्हैसूरला द्यावीत अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. महाराष्ट्राने २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा सारा इतिहास या सभागृहाला मुखोद्गत आहे. मी त्यात शिरत नाही. माझे लक्ष ‘खेडे हा घटक’ या शब्दांकडे आहे. महसुली दप्तरात खेडे असते, वाडी नसते. वाडीची माणसे मूळ गावाच्या आकड्यात मिळून जातात. वाडीला सरकारी कागदावर स्वतःचे नाव बहुधा पहिल्यांदा मिळते ते शाळेमुळे: ‘मराठी शाळा, अमुकवाडी’. शाळा मिटली की ते नावही दप्तरातून जाते.

१९६६च्या शिक्षण आयोगाने, म्हणजे आपण ज्याला कोठारी आयोग म्हणतो त्याने, प्राथमिक शाळा घरापासून मैलभराच्या आत असावी असे म्हटले. शेजारच्या शाळांचे संकुल करावे, ही सूचनाही त्याचीच. माध्यमिक शाळेने आपल्या भोवतालच्या प्राथमिक शाळांना ग्रंथालय, प्रयोगशाळा, अनुभवी शिक्षकांचे मार्गदर्शन पुरवावे आणि लहान शाळेचे एकटेपण घालवावे, हा तिचा हेतू. १९८७पासूनच्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचे ठरविले. महाराष्ट्रात पुढे वस्तीशाळा निघाल्या. येथपर्यंत दिशा एकच होती: शाळा मुलाकडे न्यावयाची.

ती दिशा पालटली कोठे, हे मोठे उद्बोधक आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याखाली महाराष्ट्राने २०११मध्ये नियम केले. त्यांत प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी आणि त्यासाठी ६ ते ११ वयाची किमान २० मुले मिळावीत, असे आहे. बडोद्याचे सोळा येथे वीस झाले, इतकेच. आकड्याचा स्वभाव अद्याप तोच. मग २०१७च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्यासाठी प्रस्ताव मागविण्यात आले. पानशेत आणि तोरणमाळ येथील उदाहरणे त्यासाठी पुढे ठेवली गेली. अशा शाळा त्या वेळी चौदा हजारांवर होत्या. म्हणजे जो वीसचा आकडा शाळा मागण्याचा आधार म्हणून नियमात आला, तोच बारा वर्षांत शाळा काढून घेण्याची खूण ठरला. ‘संकुल’ या शब्दाचेही तेच झाले. लहान शाळांना जोडण्यासाठी जो शब्द घडला, त्याचा भाऊबंद ‘समूह’ हा त्यांना मिटवण्याच्या कामी आला. शब्दांचा अभ्यास करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे डोळ्यांआड करता येत नाही.

लहान शाळेची भलामण करताना सत्य लपवू नये. शिक्षक रजेवर गेला, निवडणुकीच्या कामाला गेला की ती शाळा बंद. सहा मुलांत खेळ जमत नाही, वादविवाद जमत नाही. चौथीत एकटीच मुलगी असेल तर तिला बरोबरीचे कोणी नाही. समूह शाळेत ही उणीव भरून निघते, हे म्हणणे खोटे नाही. आणि पट घटण्याला केवळ सरकार कारण नाही. मुले कमी जन्मतात, कुटुंबे शहराकडे जातात आणि ऐपत असलेला पालक, मराठीचा अभिमान घरी ठेवून, मुलाला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतो. कर्नाटकाने १९९४च्या आदेशाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावे असे ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा, असा निर्णय दिला. त्या अधिकाराचा वापर आपण कसा केला, ते आपल्याच घरांत पाहावे.

तरीही रेघेच्या दोन बाजूंना एकाच घटनेचा अर्थ एक राहत नाही. चंदगड तालुक्यातल्या वाडीत बारा पटाची शाळा मिटली, तर ती बारा मुले दोन-तीन किलोमीटरवरच्या मराठी शाळेत जातील. त्यांचे अंतर वाढेल, पावसाळ्यात गैरहजेरी वाढेल, एखादी मुलगी घरी बसेल. हे नुकसान लहान नव्हे. पण त्यांचे पाठ्यपुस्तक बालभारतीचेच राहील आणि फळ्यावरची भाषा आईचीच राहील. खानापूर किंवा बेळगाव तालुक्याच्या मिश्र वस्तीत बारा पटाची मराठी शाळा मिटली, तर जवळची शाळा कन्नड असू शकते. तेथे मुलाचे अंतर कदाचित वाढणारही नाही. बदलेल ती भाषा. कन्नड शिकण्याला माझा विरोध नाही. या भागातल्या मुलाला ती यावीच, आणि २०१५च्या कायद्याने ती शाळांत अनिवार्यही झाली आहे. परंतु एखादी भाषा शिकणे वेगळे आणि अक्षरओळखच तिच्यातून होणे वेगळे. पटाचा हिशेब करणाऱ्या तक्त्यात अंतराला रकाना असतो, भाषेला नसतो. आणि १९४९चे ४० आणि १०चे सूत्र तर वाडीपर्यंत कधी पोहोचलेच नाही. म्हणून माझे म्हणणे असे की सीमाभागात, रेघेच्या दोन्ही अंगांना, अल्पभाषिकांची शाळा पटावरून मोजताना तिच्याऐवजी त्याच भाषेची दुसरी शाळा मैलभरात आहे काय, हा प्रश्न आधी विचारला जावा. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळांनाही हाच नियम लागू व्हावा. आपण मागतो ते दुसऱ्याला देण्याची तयारी नसेल, तर आपल्या मागणीत बळ राहणार नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे एक काम आहे, ते सांगून थांबतो. शाळा विलीन झाली की तिचे जनरल रजिस्टर दुसऱ्या शाळेच्या कपाटात जाते आणि तेथे ते वाळवीच्या हवाली होते. त्या रजिस्टरात जन्मतारीख आहे, जात आहे, बापाचा धंदा आहे, शाळा कधी व का सोडली याचा रकाना आहे. १९५६पूर्वीची पाने असतील तर एका अखंड जिल्ह्याच्या शाळांची ती नोंद आहे. आपल्या गावची शाळा मिटली असेल वा मिटण्याच्या यादीत असेल, तर मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन त्या रजिस्टरांची छायाचित्रे काढावीत, पानांना क्रमांक द्यावेत आणि एक प्रत या शाळेच्या ग्रंथालयात आणून ठेवावी. पावसाळ्यापूर्वी काढलीत तर पाने सुटी करणे सोपे जाईल.