विवाहशून्यता, कॅथलिक

एखादा विवाह आरंभापासूनच वैध नव्हता, असा निर्णय कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय देते, तेव्हा त्यास विवाहशून्यतेची घोषणा म्हणतात. सामान्य व्यवहारात तिला ‘चर्चचा घटस्फोट’ असे संबोधले जात असले, तरी ते बरोबर नाही. घटस्फोटाने अस्तित्वात असलेला विवाह संपुष्टात येतो. शून्यतेच्या घोषणेत मात्र विवाहाच्या दिवशी बंधन निर्माणच झाले नव्हते, असे ठरविले जाते. बाप्तिस्मा झालेल्या स्त्रीपुरुषांचा विधिपूर्वक झालेला व शरीरसंबंधाने पूर्ण झालेला विवाह मृत्यूवाचून भंग पावत नाही, अशी या चर्चची शिकवण आहे. त्यामुळे संसार पुढे का मोडला, हा प्रश्न धर्मन्यायालयापुढे गौण ठरतो. विवाहाच्या वेळी दिलेली संमती खरी होती काय, हा मुख्य प्रश्न असतो.

संमतीतील दोषांची मांडणी १९८३ च्या चर्चसंहितेत आढळते. बळजबरी किंवा भीती, महत्त्वाच्या बाबतीतील फसवणूक, अपत्ये अथवा एकनिष्ठा यांचा मनातून नकार आणि विवाहाची कर्तव्ये पेलण्याची मानसिक असमर्थता ही त्यांतील प्रमुख कारणे होत. यांखेरीज नपुंसकत्व, निषिद्ध नाते किंवा आधीचा विवाह यांसारखे अडथळे, तसेच विवाहविधीतील उणीव यांमुळेही विवाह शून्य ठरतो. अधिकृत धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमक्षच विवाह व्हावा, हा नियम ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ मध्ये गुप्त विवाहांना आळा घालण्यासाठी केला. त्या काळी वसईचा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होता (१५३४–१७३९). उत्तर कोकणातील जुना कॅथलिक समाज याच राजवटीत वाढला.

चौदावे बेनेडिक्ट या पोपने १७४१ मध्ये प्रत्येक दाव्यात ‘बंधनरक्षक’ नेमण्याची पद्धत घालून दिली. विवाह वैध आहे असे दाखविणारा युक्तिवाद करणे, हे या अधिकाऱ्याचे काम. म्हणजे पतिपत्नी दोघांनाही शून्यता हवी असली, तरी विवाहाची बाजू मांडणारा कोणीतरी असतोच. एकाच निष्कर्षाचे दोन निर्णय लागत, हा नियमही तेव्हाचाच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये तो रद्द केला आणि पुरावा उघड व दोन्ही पक्ष सहमत असल्यास बिशपांसमोर चालणारी संक्षिप्त पद्धत सुरू केली.

ठाणे जिल्ह्यात व त्याच्या आसपास एकाहून अधिक कॅथलिक परंपरा नांदतात. लॅटिन परंपरेचे मुंबई महाधर्मप्रांत व त्यातून १९९८ मध्ये वेगळा झालेला वसई धर्मप्रांत हे एका बाजूस, तर केरळमधून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण येथे स्थापन झालेले स्वतंत्र पीठ दुसऱ्या बाजूस. या दुसऱ्या परंपरेस १९९० ची पौर्वात्य चर्चसंहिता लागू होते. भिवंडीतील कॅथलिक जोडप्याचा दावा कोणत्या धर्मपीठाकडे जाईल, हे पक्षकारांची परंपरा, विवाहाचे ठिकाण व त्यांचे वास्तव्य यांवर अवलंबून असते. दिवाणी कायद्याला या भेदांशी कर्तव्य नाही. त्याच्या दृष्टीने दोघेही ख्रिस्ती असून त्यांना १८६९ चा अधिनियम लागू आहे.

इंग्लंडमधील १८५७ च्या कायद्याच्या धर्तीवर केलेला हा अधिनियम दीर्घकाळ अन्यायकारक राहिला. पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता, परित्याग किंवा तत्सम दुसरा दोषही सिद्ध करावा लागे. जिल्हा न्यायालयाचा हुकूमनामा उच्च न्यायालयातील तीन न्यायाधीशांनी कायम केल्यावाचून अंतिम होत नसे. परस्परसंमतीने घटस्फोटाची सोयच नव्हती. धर्मन्यायालयाची वाट अनेकांना एकमेव वाटली, याचे एक कारण येथे सापडते. केरळ (१९९५) व मुंबई (१९९७) उच्च न्यायालयांच्या पूर्णपीठांनी स्त्रियांवरील ही विषम अट घटनाबाह्य ठरविली. संसदेने २००१ मध्ये स्त्रीपुरुषांना समान कारणे दिली आणि दोन वर्षे विभक्त राहिलेल्यांना परस्परसंमतीचा मार्ग खुला केला. त्या कारणांपैकी कुष्ठरोग हे २०१९ मध्ये वगळण्यात आले.

धर्मन्यायालयाचा निर्णय दिवाणी कायद्यात टिकतो काय, या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लावला. चर्चने पहिला विवाह शून्य ठरविला असला, तरी सक्षम न्यायालयाचा हुकूमनामा नसल्याने तो कायद्याने कायम आहे. म्हणून दुसरा विवाह शून्य होय, असे न्यायालयाने म्हटले. अशा निर्णयांना दिवाणी मान्यता मिळावी, यासाठी दक्षिण कन्नडातील कॅथलिक संघटनेचे माजी अध्यक्ष क्लॅरन्स पाइस यांनी केलेली याचिका २०१७ मध्ये फेटाळली गेली. गोव्यातील इतिहास वेगळा आहे. पोर्तुगाल व पोपचे धर्मपीठ यांच्यातील १९४० च्या करारानंतर १९४६ च्या हुकुमाने तेथील धर्मन्यायालयाच्या निर्णयांना उच्च न्यायालयामार्फत दिवाणी परिणाम देण्यात आला. ही तरतूद १९६१ नंतरही बराच काळ चालू राहिली. महाराष्ट्रात तसे कधी नव्हते.

परिणामी ठाणे जिल्ह्यातील कॅथलिक व्यक्तीला दोन दारे ठोठवावी लागतात. केवळ दिवाणी घटस्फोट घेतलेल्यास चर्चमध्ये पुन्हा विवाह करता येत नाही. केवळ चर्चची घोषणा मिळालेल्याने दुसरा विवाह केल्यास तो द्विभार्या अथवा द्विपतित्वाचा गुन्हा ठरू शकतो. दिवाणी शून्यतेची कारणेही मोजकीच आहेत : नपुंसकत्व, निषिद्ध नाते, विवाहसमयीचे वेड, हयात जोडीदार आणि बळजबरी वा फसवणूक. मानसिक असमर्थतेसारख्या कारणावर चर्चकडून घोषणा मिळालेल्यांना म्हणून बहुधा घटस्फोटाचाच अर्ज करावा लागतो. पोटगी व मुलांचा ताबा हे विषय तर धर्मन्यायालयाच्या अधिकारकक्षेबाहेरचेच.

अपत्यांच्या बाबतीत दोन्ही व्यवस्थांतील अंतर विशेष जाणवते. निदान एका जोडीदाराने सद्भावनेने केलेला विवाह पुढे शून्य ठरला, तरी त्यातील मुले चर्चसंहितेनुसार औरसच राहतात. १८६९ च्या अधिनियमातील एकविसावे कलम वेडाच्या कारणाखेरीज फक्त अशा दुसऱ्या विवाहातील मुलांना वारसाहक्क देते, की ज्यात पूर्वीचा जोडीदार मरण पावला आहे अशी दोघांची प्रामाणिक समजूत होती. चर्चच्या घोषणेवर विसंबून, पहिला जोडीदार हयात असल्याचे ठाऊक असताना केलेल्या विवाहातील मुलांचा त्यात समावेश होत नाही.