अनुदान आणि अंकुश : इंग्लंडमधील लहान काउंट्यांच्या पोलीस दलांचे सरकारी अर्थसाहाय्य (१८३९-१९६६)

प्रस्तावना

पोलीस दलाचा खर्च कोणी सोसावयाचा आणि त्यावर हुकमत कोणाची चालावयाची, हे दोन प्रश्न वरवर पाहता निरनिराळे वाटतात. शासनव्यवस्थेच्या इतिहासात मात्र ते एकमेकांपासून फारसे अलग राहिलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या काउंट्या हे याचे बोलके उदाहरण होय. रटलंडसारख्या अगदी लहान काउंटीला स्वतःच्या कराच्या उत्पन्नातून पुरेसे शिपाई ठेवणे अवघड होते. सरकारी खजिन्यातून मदत घ्यावी, तर पिढ्यान्‌पिढ्या जपलेली स्थानिक स्वायत्तता गमावण्याची भीती होती. या पेचातून इंग्लंडने काढलेला मार्ग आणि त्याचे दूरगामी परिणाम यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐच्छिक कायद्याची मर्यादा

एडविन चॅडविक, चार्ल्स रोवन आणि चार्ल्स शॉ लफेव्हर यांच्या आयोगाने १८३९ मध्ये ग्रामीण पोलीस व्यवस्थेविषयी अहवाल सादर केला. खर्चाचा चौथा हिस्सा सरकारने उचलावा, अशी त्यात शिफारस होती. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्यात मात्र अनुदानाला स्थान मिळाले नाही. काउंटीच्या दंडाधिकाऱ्यांनी आपल्या त्रैमासिक सभेत ठरविल्यास पगारी दल उभारावे, हजार लोकसंख्येमागे एकाहून अधिक शिपाई नसावा आणि सर्व खर्च स्थानिक करातून भागवावा, असे त्याचे स्वरूप होते.

हा कर मुख्यतः जमीन व घरे यांवर पडत असे. कर देणारे शेतकरी आणि कर ठरविणारे जमीनदार दंडाधिकारी या दोघांनाही नवा बोजा नको होता. परिणामी १८५६ पर्यंत सुमारे निम्म्याच काउंट्यांनी या कायद्याचा लाभ घेतला. रटलंडने १८४८ मध्ये दल स्थापन केले खरे, परंतु त्याचा आकार नाममात्रच होता. अन्यत्र जुन्या पद्धतीचे पॅरिश कॉन्स्टेबलच काम पाहत राहिले. धान्य कायदे १८४६ मध्ये रद्द झाल्यावर शेतीशी निगडित वर्ग स्थानिक करांबाबत अधिकच संवेदनशील बनला, ही बाबही लक्षात घ्यावी लागते.

१८५६ चा कायदा : चौथाईची किंमत

गृहमंत्री पामरस्टन यांचा १८५४ मधील प्रयत्न शहरांच्या विरोधामुळे फसला. त्यांच्यानंतरचे गृहमंत्री सर जॉर्ज ग्रे यांनी १८५६ मध्ये कायदा संमत करून घेतला. क्रिमियाचे युद्ध संपून सैनिक घरी परतत होते. गुन्हेगारांना वसाहतींत पाठविण्याची प्रथा मावळत चालल्यामुळे शिक्षेत सूट मिळालेले कैदी देशातच राहणार होते. या परिस्थितीने विरोधाची धार बोथट केली.

या कायद्याने प्रत्येक काउंटीस पोलीस दल सक्तीचे झाले. तीन निरीक्षक नेमण्यात आले. संख्या व शिस्त या दोन्ही बाबतींत दल कार्यक्षम असल्याचा दाखला मिळाल्यास वेतन व गणवेश यांच्या खर्चाचा चौथा हिस्सा सरकारकडून मिळू लागला. स्वतंत्र दल ठेवणाऱ्या पाच हजारांहून कमी लोकवस्तीच्या बरोंना मात्र अनुदानातून वगळण्यात आले. लहान दलांनी शेजारच्या काउंटीत सामील व्हावे, हा त्यामागील हेतू उघड होता.

या योजनेत हुकूम सोडण्याऐवजी सवलत देऊ करण्यात आली होती. नेमणुका व दैनंदिन कारभार स्थानिक हातांतच राहिला. तपासणीचा अधिकार तेवढा केंद्राकडे आला. तथापि तिच्यात एक अंगभूत विसंगतीही होती. पैशाअभावी जे दल अपुरे असे, त्यालाच दाखला नाकारला जाई आणि त्यामुळे मदतही बंद होई. दुबळ्याला सावरण्याऐवजी दंड करणारी ही तरतूद होती.

चौथाईपासून निम्म्यापर्यंत

डिझरायली यांच्या सरकारने १८७४ मध्ये हा हिस्सा निम्म्यावर नेला. ग्रामीण करदात्यांना दिलासा देणे हे त्याचे प्रमुख कारण होते. पण त्यामुळे दाखला गमावणे दुपटीने महाग झाले. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने दहा हजारांहून कमी लोकवस्तीच्या बरोंची स्वतंत्र दले संपुष्टात आणली आणि काउंट्यांत दंडाधिकारी व निर्वाचित सदस्य यांची संयुक्त समिती नेमली.

१९१८ व १९१९ च्या पोलीस संपांनंतर डेसबरो समितीच्या शिफारशींनुसार देशभर समान वेतनश्रेणी आली. लंडनने ठरविलेले वेतन लहान काउंटीने स्वतःच्या करातून देणे न्याय्य ठरले नसते. म्हणून सरकार एकूण पोलीस खर्चाचाच निम्मा वाटा उचलू लागले. येथून पुढे लहान दलांच्या वेगळेपणाचे आर्थिक समर्थन क्षीण होत गेले. १९४६ च्या कायद्याने बहुतेक लहान बरोंची दले काउंटी दलांत समाविष्ट झाली. १९५१ मध्ये रटलंडचे दल लेस्टरशायरमध्ये विलीन झाले. १९६४ च्या कायद्याचा आधार घेऊन गृहमंत्री रॉय जेनकिन्स यांनी १९६६ मध्ये ११७ दलांची संख्या ४९ वर आणण्याचा कार्यक्रम जाहीर केला.

भारतातील विरोधाभास

याच काळात भारतात ब्रिटिशांनी इंग्लिश काउंटीचा नमुना स्वीकारला नाही. नेपियर यांनी १८४३ नंतर सिंधमध्ये आयरिश धर्तीवर उभारलेली व्यवस्था पुढील रचनेस आदर्शवत ठरली. १८६१ च्या पोलीस कायद्याने प्रांतिक सरकारच्या हुकमतीखालील दल निर्माण केले. त्याच्या १५ व्या कलमान्वये अशांत प्रदेशात जादा पोलीस ठेवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करता येत असे. मुंबई इलाख्यातही अशा वसुलीची सोय होती. रँड यांच्या हत्येनंतर १८९७ मध्ये पुण्यावर असे दंडात्मक पोलीस लादले गेले. इंग्लंडमध्ये स्थानिक दलासाठी सरकार पैसे देत होते. पुण्यात सरकारी दलासाठी नागरिकांना पैसे मोजावे लागले. एका ठिकाणी पैसा हे सहकार्याचे साधन होते, तर दुसऱ्या ठिकाणी शिक्षेचे.

निष्कर्ष

अनुदानाने इंग्लंडच्या लहान काउंट्यांना पोलीस दल राखण्याचे बळ दिले, यात शंका नाही. परंतु त्या बळासोबत तपासणी, समान नियम आणि अखेरीस विलीनीकरण आले. १८५६ मध्ये मिळालेली चौथाई स्वायत्तता वाचविण्यासाठी स्वीकारली गेली होती; शतकभरात तिनेच त्या स्वायत्ततेचा पाया पोखरला. आर्थिक मदतीच्या अटी ठरविताना मदत घेणाऱ्याचाही त्यात आवाज असावा, हा या इतिहासाचा बोध होय.