खोडदची रेडिओ दुर्बीण : संशोधन आणि परिसराचा सामाजिक विचार

संशोधनाच्या सामाजिक परिणामांचा विचार नेमका केव्हा व्हावा, हा प्रश्न नॅनोतंत्रज्ञानाच्या निमित्ताने जगभर चर्चिला गेला. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने हा विचार संशोधनातच अंतर्भूत व्हावा, अशी अपेक्षा केली. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत मात्र हा प्रश्न त्यापूर्वीच, खगोलशास्त्राच्या रूपाने, उपस्थित झाला होता.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९८० च्या दशकात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीची (जीएमआरटी) कल्पना मांडली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ खोडदजवळ एकवटलेल्या असून उर्वरित तीन शाखांवर सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरल्याने वाऱ्याचा भार व खर्च दोन्ही घटले. काटकसरीच्या अभियांत्रिकीचा हा नमुना २००१ साली वैज्ञानिक जगताला समर्पित झाला.

जागेच्या निवडीमागील एक प्रमुख कारण म्हणजे येथील अत्यल्प मानवनिर्मित रेडिओ गोंगाट. कारखान्यांची वानवा हाच या भूमीचा गुण ठरला! दूरस्थ दीर्घिकांकडून येणारे तरंग इतके क्षीण असतात, की वीजवाहिनीवरील ठिणगी किंवा मोबाइलचा मनोराही त्यांना झाकून टाकतो. साहजिकच परिसरातील नव्या उद्योगांना दुर्बिणीच्या व्यवस्थापनाची ना-हरकत आवश्यक ठरली. शेजारच्या खेड तालुक्यात चाकणला कारखानदारी फोफावली. जुन्नरची द्राक्षे व नारायणगावचा टोमॅटो मात्र शेतीचीच ओळख टिकवून राहिले. हे सर्वस्वी दुर्बिणीमुळे घडले, असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल.

राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनात ग्रामीण शाळांतील विद्यार्थी आपले प्रयोग मांडतात. हा उपक्रम निःसंशय मोलाचा आहे. तथापि विज्ञानाची ओळख करून देणे आणि निर्णयात सहभागी करून घेणे या भिन्न गोष्टी होत. जाळीच्या प्रत्येक तारेचा हिशेब झाला. परंतु रेडिओ शांततेची किंमत कोणी, किती काळ मोजावी व तिची भरपाई कोणत्या रूपाने व्हावी, याचा तितकाच काटेकोर विचार आराखड्यातच व्हावयास हवा होता. पुणे-नाशिक लोहमार्गाच्या नारायणगाव परिसरातून जाणाऱ्या नियोजित आखणीस दुर्बिणीच्या कारणास्तव हरकत आली आणि पर्यायी मार्गाचा विचार सुरू झाला, तेव्हा हा राहिलेला हिशेब दोन्ही तालुक्यांसमोर पुन्हा आला.