मत्स्यबीजाच्या हिशोबात हरवलेले मासे

चंद्रपूर आणि गडचिरोलीचे नाव निघाले की वाघ, साग, कोळसा आठवतो. मासे आठवत नाहीत. वास्तविक महाराष्ट्रात गोड्या पाण्याची एवढी विविध रूपे दुसरीकडे क्वचितच एकत्र सापडतील. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतमी इंद्रावतीत येतात. नद्यांखेरीज तलाव आणि बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, आहेत. पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांवर जाते. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी आणि इतर शेतकऱ्यांनी ते धानासाठी बांधले आणि ढिवर, भोई, केवट या समाजांनी त्यांतल्या माशांवर संसार चालवले. या पाण्यातल्या माशांची राखण करणे हे सरकारने आपले काम मानले, त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. या काळाचा इतिहास बहुधा उत्पादनवाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझे म्हणणे वेगळे आहे. माशांच्या रक्षणासाठी जे सरकारी काम सुरू झाले, ते वाटेत मत्स्यबीज पुरवण्याचे काम बनले, आणि या बदलात स्थानिक मासा सरकारी नोंदीतून बाहेर पडला.

सुरुवात रक्षणाच्याच विचाराने झाली होती. मद्रास सैन्यातले डॉक्टर फ्रान्सिस डे हे पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले. त्यांनी 1873 साली गोड्या पाण्यातल्या माशांवर आपला अहवाल दिला. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवून त्यांनी जे मांडले ते आजही जुने वाटत नाही: बारीक डोळ्यांच्या जाळ्यांत पिल्ले जातात, धानाच्या बांध्यांत लावलेल्या सापळ्यांत चढणीचे मासे अंडी घालण्याआधीच अडकतात, ओढ्यात विष कालवले की लहानमोठे सगळेच मरते, बंधाऱ्यांमुळे माशांची वाट अडते. जाळ्याच्या डोळ्याला किमान माप असावे, असा त्यांचा आग्रह होता. गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून सरकार कचरले आणि कायदा यायला 24 वर्षे लागली. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने स्फोटके आणि विष यांवर बंदी घातली, दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. जाळ्याचे माप ठरवणे, एखादे पाणी दोन वर्षांपर्यंत मासेमारीला बंद ठेवणे, हे मात्र प्रांतिक सरकारांच्या इच्छेवर सोडले. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथला तलाव मालगुजाराचा, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा, मासा त्याच्या परवानगीचा आणि ढिवर त्याच्या मर्जीवर. ही व्यवस्था न्यायाची नव्हती. तरीही पाळ कोण बांधणार, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, कोण उघडणार, मासे कधी मारायचे, याची उत्तरे गावातच होती.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. जमीनदारी जाणे योग्यच होते, त्याबद्दल दुमत नको. पण पाण्यावरच्या हक्काचे काय झाले ते बारकाईने पाहिले पाहिजे. या भागात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या वहिवाटींच्या नोंदी होत्या. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही वाजिब-उल-अर्ज राहिले आणि त्यात मासेमारीच्या हक्काची नोंद करायची तरतूदही राहिली. पण जे पाणी सरकारचे किंवा स्थानिक संस्थेचे नाही, तेवढ्यापुरतीच. तलाव सरकारजमा झालेलेच होते. म्हणजे गावची वहिवाट लिहून ठेवायचे पान शाबूत राहिले आणि ज्या पाण्यासाठी ते हवे होते तेच त्यातून वगळले गेले. वहिवाटीच्या जागी ठेका आला. ढिवरांच्या सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळू लागले, ठेक्याची रक्कम आली आणि दर वर्षी ठरावीक मत्स्यबोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडण्याची अटही आली.

बोटुकली भरपूर मिळू लागली त्यामागे भारतीय मत्स्यविज्ञानाचे एक खरेखुरे मोठे यश आहे. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या पुराच्या पाण्यात विणारे कार्प मासे. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण वीत नाहीत. म्हणून पूर्वी बंगालच्या नद्यांतून बीज गोळा करून रेल्वेने देशभर न्यावे लागे, वाटेत पुष्कळ मरे, आणि नको त्या जातीही मिसळून येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काने हे मासे विणवून दाखवले. दुसऱ्या एखाद्या माशाचे डोके उघडून मेंदूखालची दाण्याएवढी ग्रंथी काढायची, अल्कोहोलमध्ये टिकवायची, वाटून तिचा अर्क मादीला दोन वेळा काही तासांच्या अंतराने टोचायचा, नराला एकदा. मग जोडी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत, सोडायची. दुसऱ्या दिवशी हाप्यात फलित अंडी मिळतात, आणि ती उबली की मत्स्यजिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्ले, वळवळू लागते. पुढे सिल्व्हर कार्प आणि गवत्या (ग्रास कार्प) जोडीला आले, 1970 च्या दशकात मत्स्य शेतकरी विकास यंत्रणा आल्या, जिल्ह्याजिल्ह्यात मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. मत्स्यव्यवसाय विकास अधिकाऱ्याचे वर्ष या केंद्राभोवती फिरू लागले. जिरे किती लाख, बोटुकली किती लाख, उत्पादन किती टन, ही त्याच्या कामाची मोजमापे झाली. तलावात मरळ, शिंगी, मागूर, वाम शिल्लक आहेत का, हा प्रश्न त्यात बसत नव्हता.

नुसता बसत नव्हता असेही नाही. तो प्रश्न उलटा झाला. संवर्धन तळ्यात बीज सोडण्यापूर्वी भक्षक आणि अनावश्यक मासे काढून टाकावेत, असे मत्स्यशेतीचे शास्त्र सांगते. त्यासाठीचा सर्वमान्य उपाय म्हणजे मोहाची पेंड: एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलो. पेंडीतल्या सॅपोनिनने मासे मरतात, नंतर तीच पेंड खत होते. मरळ इथे भक्षक, कोतरीसारखे लहान मासे अनावश्यक. हा उपाय बीज वाढवण्याच्या छोट्या तळ्यांपुरता आहे, नदीसाठी किंवा मोठ्या तलावासाठी नाही, आणि तिथे तो रास्तही आहे, हे मान्य करायलाच हवे. पण वर्गवारी तळ्यापुरती राहिली नाही. जो मासा बीज केंद्रात तयार होत नाही तो हिशोबाबाहेरचा, ही नजर सगळ्या पाण्यावर पसरली.

यावर पहिला आक्षेप पोटाचा आहे, आणि तो वजनदार आहे. कटला-रोहूने ढिवरांच्या संस्थांना बाजारात विकता येईल असा माल दिला. देशी माशांच्या प्रेमापायी तो काढून घ्यायचा का? काढून घ्यायचा नाही. पण हिशोब पूर्ण मांडायला हवा. कार्पचे बीज दर वर्षी विकत आणावे लागते; त्या वर्षी पाऊस दगा देऊन तलाव भरला नाही तर पैसा बुडतो. स्थानिक मासा काठच्या पाणवनस्पतींत, उथळ पाण्यात आपला आपण वितो आणि कमी पाण्यातही तगतो. डोक्याकाट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान माशांतून घरच्या बायकामुलांना कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिळतात, तो मासा टनांत दिसत नसला तरी ताटात दिसतो. शेजारच्या भंडारा-गोंदियात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांबरोबर तलावांत माजलेली बेशरम ही परकी वनस्पती उपटून स्थानिक पाणवनस्पती लावण्याचे काम केले आहे. बीज विकत आणण्याआधी विणीची जागा दुरुस्त करावी, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो विचार मत्स्यव्यवसाय खात्याच्या तज्ज्ञाने करायला हवा होता.

दुसरा आक्षेप असा की गाव तरी कुठे राखण करत होते? झाडांची साल आणि फळे ठेचून डोहात विष कालवण्याची चाल जंगलातल्या गावांतही होती, डे यांनी तीच तर नोंदवली. खरे आहे. परंपरा म्हणजे संवर्धन, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचे उदाहरण पाहा. तिथे ग्रामसभेच्या आणि अभ्यास गटाच्या चर्चेतून विषाने मासे मारणे गावाने स्वतःहून थांबवले. 1897 पासून कायद्यात असलेली बंदी गावात प्रत्यक्ष उतरली ती लोकांनी बसून कारण समजून घेतल्यावर. शिक्षेची तरतूद असूनही ती इतकी वर्षे उतरली नव्हती, ही गोष्ट कोणत्याही मत्स्य अधिकाऱ्याने गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

नद्यांची गोष्ट तर अधिकच बिकट. गोदावरी खोऱ्यातला मोठा झिंगा मुखाजवळच्या मचूळ पाण्यात पिल्लावस्था काढतो आणि पिल्ले प्रवाहाविरुद्ध वर चढतात. वैनगंगेवर गोसेखुर्द झाले, चिचडोह झाले, 2019 मध्ये सिरोंचासमोर गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा उभा राहिला. बुडीत जमीन आणि मोबदला यांवर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. झिंग्याच्या आणि माशांच्या वाटेचा प्रश्न मात्र त्या वादात ऐकूच आला नाही. समुद्रावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद ठेवणारे हे राज्य प्रजननकाळाचे महत्त्व जाणते. ती जाण किनाऱ्यापासून आठशे किलोमीटर आत पोचलेली नाही.

अधिकाऱ्यांकडे माणसे नाहीत, गाड्या नाहीत, हा तिसरा आक्षेप नेहमीचा आहे आणि बराचसा खरा. पण कायदे अपुरे आहेत असे आता म्हणता येत नाही. 1960 च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय कायद्यात नियमनाचे अधिकार आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांवरचा सामूहिक हक्क मान्य केला, 2014 च्या पेसा नियमांनी अनुसूचित क्षेत्रातल्या गौण जलसाठ्यांत ग्रामसभेला स्थान दिले, 2002 च्या जैवविविधता कायद्याने लोकांच्या जैवविविधता नोंदवहीची सोय केली. त्या नोंदवहीत प्रत्येक तलावातल्या आणि डोहातल्या मासळीच्या जाती, विणीच्या जागा आणि दर वर्षीचा चढउतार लिहायचा झाला तर जाळे टाकणारा ढिवर माहिती देईल आणि ग्रामसभा ती राखेल. ती तपासून, शेजारच्या तलावाशी ताडून, कुठे बीज सोडायचे आणि कुठे मुळीच सोडायचे नाही हे ठरवणारा माणूस मत्स्यजीवशास्त्र शिकलेलाच लागतो. तो माणूस खात्यात आजही आहे, फक्त पावसाळ्याच्या ऐन दिवसांत, जेव्हा मासे चढतात तेव्हा, त्याला बोटुकली मोजायला बसवलेले असते.