मुंबई–जपान जलमार्गावरील दरयुद्ध (१८९३–१८९६)

व्यवसायसंस्थांमधील स्पर्धेचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा किमतीवर खिळते. कोणी दर उतरविले, प्रतिपक्षाने ते किती उतरविले आणि अखेर कोण टिकले, एवढी नोंद झाली की स्पर्धेचा इतिहास लिहून झाला, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. ही पद्धत कितपत पुरेशी आहे हे तपासण्यास मुंबई–जपान जलमार्गावरील दरयुद्ध विशेष उपयोगी आहे. एकाच प्रबळ प्रतिपक्षाशी दोन नवागत संस्था येथे एकाच मार्गावर आणि एकाच वेळी झुंजल्या. त्यांपैकी एक बुडाली व दुसरी टिकली. परिस्थिती जवळजवळ समान असता निकाल भिन्न का लागला, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांचे सूत व हिंदुस्थानचा कापूस पूर्वेकडे जात असे. या मालाची वाहतूक पी. अँड ओ., ऑस्ट्रियन लॉइड आणि एक इटालियन कंपनी यांच्या संघाच्या हाती होती. असे संघ ‘कॉन्फरन्स’ या नावाने ओळखले जात. त्यांचे मुख्य शस्त्र विलंबित सूट हे होते. ही प्रथा १८७७ पासून कलकत्त्याच्या व्यापारात रूढ झाली होती. व्यापाऱ्याने भरलेल्या नोराचा काही भाग त्याला परत मिळे. परंतु तो लगेच नव्हे, तर पुढील ठराविक मुदतीतही त्याने संघाबाहेरच्या आगबोटीने माल पाठविला नाही तरच. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा त्याच्या एकनिष्ठेला तारण राही. एक गासडी जरी त्याने अन्यत्र दिली, तरी मागील महिन्यांची साठलेली सूट बुडे. नवागताने दर कितीही कमी ठेवला तरी हे नुकसान भरून काढणे त्याला कठीण जाई.

जमशेटजी टाटा यांनी १८९३ साली जपानला जाऊन निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी बोलणी केली आणि उभयतांनी या मार्गावर आगबोटी चालविण्याचे ठरविले. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ ही आगबोट कोबेहून मुंबईस निघाली. टाटांनीही भाड्याने आगबोटी घेऊन आपली ‘टाटा लाइन’ सुरू केली. तोवर टनाला सुमारे १७ रुपये असलेला नोर नवागतांनी १२–१३ रुपयांवर आणला. संघाने उत्तरादाखल तो दीड रुपयापर्यंत खाली नेला. शिवाय प्रतिपक्षाच्या आगबोटींशी आपला संबंध नाही असे लिहून देणाऱ्यांना सुटीचे आमिष दाखविले. टाटांनी भारतमंत्र्यांकडे तक्रार नेली. सरकारी टपालाचे अनुदान घेणाऱ्या कंपनीने हिंदी उद्योगाचा असा कोंडमारा करावा हे अन्यायाचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तिचा उपयोग झाला नाही. आरंभी पाठिंबा देणारे मुंबईचे व्यापारी एकेक करून मागे सरले आणि टाटा लाइन बंद पडली.

निप्पॉन युसेन कैशाही याच दीड रुपयाला तोंड देत होती; पण ती बुडाली नाही. तिचे भांडवल मोठे होते हे खरे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. निर्णायक गोष्ट अशी की, जपानच्या सूतगिरण्यांच्या संघटनेने आपला कापूस याच कंपनीच्या आगबोटींतून आणण्याचा करार केला होता व संघाचा दर नाममात्र झाल्यावरही तो पाळला. आज स्वस्त मिळणारी वाहतूक ही उद्याच्या मक्तेदारीची किंमत आहे, हे त्यांनी ओळखले. मुंबईत मात्र ग्राहक विखुरलेले होते आणि त्यांचे हितसंबंधही एक नव्हते. कापूस निर्यात करणाऱ्यास जपानी गिरण्यांची भरभराट हवी होती. सूत निर्यात करणाऱ्यास त्याच गिरण्या चीनच्या बाजारातील भावी प्रतिस्पर्धी होत्या. अशा वर्गाने एकजुटीने तात्पुरता तोटा सोसावा, ही अपेक्षा फोल होती.

या युद्धाचा शेवटही विचारार्ह आहे. १८९६ मध्ये निप्पॉन युसेन कैशा त्याच संघाशी समझोता करून आत शिरली. दर उतरविण्यासाठी आलेली संस्था दर ठरविणाऱ्यांच्या पंक्तीस बसली. पुढे सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या इतिहासात हेच रूप वेगळ्या तपशिलाने दिसते. नरोत्तम मोरारजी व सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. दरयुद्ध झाले, कंपनी विकत घेण्याचा लॉर्ड इंचकेप यांचा प्रस्ताव नाकारला गेला आणि १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. कंपनी जगली, मात्र तिचे क्षेत्र किनारी वाहतुकीपुरते आणि तिचा टनभार ठराविक मर्यादेपुरता बांधला गेला.

यावरून अभ्यासपद्धतीविषयी तीन गोष्टी सुचतात. पहिली अशी की, दर ही स्पर्धेची केवळ दृश्य बाजू होय. ज्याचे अनेक मार्ग आहेत, तो एका मार्गावरील तोटा इतरांच्या नफ्यातून भरून काढतो. एकाच मार्गावर उभ्या असलेल्याला तो भांडवलातून भरावा लागतो. दीड रुपया हा दोघांना सारखाच दीड रुपया नसतो. दुसरी अशी की, ग्राहकांना प्रेक्षक समजून चालत नाही. त्यांची संघटना किंवा विघटन हेच कित्येकदा निकाल ठरविते. तिसरी गोष्ट, टिकून राहणे आणि विजयी होणे यांत भेद करावयास हवा. मायकेल पोर्टर यांच्या १९८० च्या ग्रंथानंतर प्रतिस्पर्ध्यांच्या चाली व प्रतिचाली यांचे पद्धतशीर विश्लेषण रूढ झाले आहे. परंतु चालींची मोजदाद जेथे थांबते, तेथे कराराची कलमे वाचावी लागतात. कोणी टिकले एवढे सांगून इतिहासकाराचे काम संपत नाही; ते कोणत्या अटींवर टिकले आणि त्या अटींचा भार कोणावर पडला, हेही त्याने सांगितले पाहिजे.