सायकल गॉगल, जवळच्या नंबरचा

सायकलस्वाराच्या डोळ्यांचे ऊन, वारा, धूळ आणि चिलटे यांपासून रक्षण करणारा आणि काचेच्या खालच्या भागात जवळचे वाचण्यासाठी प्लस नंबरचा लहानसा तुकडा असलेला रंगीत काचेचा चष्मा. चाळिशी उलटलेल्या माणसाला समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो. अडते ते हँडलवरच्या मीटरचे आकडे, फोनवरचा नकाशा आणि टायरमध्ये रुतलेला काटा यांपाशी. त्याच्यासाठी ही सोय. दुकानात हा चष्मा ‘बायफोकल स्पोर्ट्स गॉगल’ म्हणून मागावा लागतो. या नोंदीत निवडीचा विचार पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याचे कळंब आणि भोवतालचे बारामती-इंदापूरचे रस्ते धरून केला आहे. आंबेगाव तालुक्यातील कळंब, तसेच धाराशिव आणि यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याची कळंब ही गावे निराळी.

हे कळंब वालचंदनगरच्या शेजारी, नीरा खोऱ्यात आहे. तालुका पर्जन्यछायेतला असला तरी नीरा डाव्या कालव्यामुळे हा पट्टा उसाचा झाला. बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता आता संत तुकाराम महाराज पालखी मार्गाचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५जीचा भाग आहे. रुंद, सपाट आणि बहुतेक उघडा असल्याने सायकलवाल्यांना तो आवडतो. शिवाय तो साधारण पश्चिमेकडून पूर्वेला जातो. त्यामुळे बारामतीहून सकाळी निघणाऱ्याच्या आणि इंदापूरहून संध्याकाळी परतणाऱ्याच्या तोंडावर थेट सूर्य येतो. गाळप हंगामात याच रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या, टायरगाड्या आणि वाढ्याने भरलेल्या बैलगाड्या चालतात. पाचटाची काजळी उडते, ट्रॉलीबाहेर लोंबणारी पात सायकलस्वाराच्या चेहऱ्याजवळून जाते.

या पातीची धास्ती बाळगावी अशीच आहे. शेतातल्या पानाचा किंवा काडीचा ओरखडा बुबुळावर बसला तर त्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. तो बरा व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि मागे डाग राहून नजर कायमची अधू होऊ शकते. म्हणून या भागात गॉगल हे आधी डोळ्यांवरचे झाकण आहे, वाचनाची सोय त्यानंतरची. काच गालापर्यंत आणि कानशिलाकडे वळलेली, पॉलिकार्बोनेटची असावी. हे प्लास्टिक आघात सोसते आणि अतिनील किरणही स्वतःच अडवते. काचेचे भिंग सायकलवर नकोच. ट्रॅक्टरच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने ते फुटले तर तुकडे डोळ्यात जातील.

जवळचे का दिसेनासे होते : डोळ्यातले भिंग तरुणपणी लवचीक असते आणि जवळचे पाहताना फुगते. वयाबरोबर ते ताठर होत जाते. साधारण चाळिशीत हे जाणवू लागते, साठीपर्यंत ही क्षमता जवळपास संपते. हा लवचीकपणा औषधाने किंवा व्यायामाने परत येत नाही. कमी पडलेली ताकद प्लस भिंगाने भरून काढायची. एकाच चौकटीत लांबचे आणि जवळचे अशी दोन भिंगे बसवण्याची कल्पना सामान्यतः बेंजामिन फ्रँकलिन यांच्या नावावर मांडली जाते; १७८४च्या एका पत्रात त्यांनी तिचा उल्लेख केला आहे. फ्रँकलिन घोडागाडीत बसत, आणि गाडी दुसरे कोणी हाकत असे. सायकलवर हाकणारा आणि वाचणारा एकच असल्याने पुढचे प्रश्न उभे राहतात.

नंबर कोणता घ्यावा : सर्वांत जास्त चूक इथे होते. दुकानदार विचारतो, ‘वाचायचा नंबर किती?’ गिऱ्हाईक ‘प्लस अडीच’ सांगते आणि तोच गॉगल घेऊन घरी जाते. पण तो नंबर वर्तमानपत्रासाठी, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर अंतरासाठी काढलेला असतो. सायकलवर बसल्यावर डोळ्यापासून मीटरपर्यंतचे अंतर बहुधा ६० ते ७० सेंटिमीटर भरते. हिशोब सोपा आहे : १०० ला सेंटिमीटरमधील अंतराने भागले की त्या अंतरासाठी लागणारी ताकद मिळते. ४० सेंटिमीटरला अडीच, ६५ला जेमतेम दीड. साठीच्या माणसाने प्लस अडीचच्या तुकड्यातून मीटर पाहिला तर आकडे पुसटच राहतात, कारण त्या भिंगाची स्पष्ट हद्द ४० सेंटिमीटरला संपते. म्हणून हँडलसाठीचा नंबर वाचायच्या नंबरापेक्षा साधारण एकने कमी धरावा : अडीचवाल्याने दीड, दोनवाल्याने एक. पंचेचाळिशीच्या आतल्या अनेकांना मीटरचे मोठे आकडे भिंगाशिवायही दिसतात. त्यांनी बायफोकलच्या मागे लागण्याआधी मीटरवरची अक्षरे मोठी करून पाहावीत. त्याला पैसे लागत नाहीत.

अंतर अंदाजाने ठरवू नये. सायकल भिंतीला टेकवून नेहमीच्या पवित्र्यात बसावे, हात नेहमीच्या जागी ठेवावेत आणि दुसऱ्याने शिंप्याच्या टेपने डोळ्याच्या कोपऱ्यापासून मीटरपर्यंत मोजावे. हा आकडा घेऊन नंबर काढायला गेले की तपासणाऱ्याचे काम निम्मे होते.

कमी नंबर घेतला की पंक्चरचे काय, असा प्रश्न निघतो आणि तो रास्त आहे. वेड्या बाभळीच्या या मुलखात काटा ठरलेलाच. तो टायरच्या आत चाचपून शोधावा तर बोटात जातो, आणि ३५ सेंटिमीटरवर धरून पाहावा तर प्लस दीडमधून साठीच्या माणसाला नीट दिसत नाही. ट्यूबमधले भोक मात्र पाटाच्या पाण्यात बुडबुड्यांवरून सापडते, त्याला नजर फारशी लागत नाही. काट्यासाठी घडीची साधी चाळिशी हत्यारांच्या पिशवीत टाकून ठेवावी. गॉगलवर धावतानाचे वाचन सोपवावे आणि थांबल्यावरचे काम या दुसऱ्या चष्म्यावर. दोन्ही कामे एकाच तुकड्याकडून करून घेण्याच्या हट्टापायी धड काहीच दिसत नाही. मीटर न लावणाऱ्या, फक्त थांबून फोन पाहणाऱ्या माणसाने मात्र खुशाल वाचायचा पूर्ण नंबर घ्यावा.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये वाचन वाढते. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीत, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करायचे असतात; प्रत्येक नियंत्रण-ठाण्याची नोंद कार्डावर ठेवावी लागते आणि वळणांचा कागद वाचावा लागतो. पंढरपूरची सायकलवारी करणाऱ्या गटांत चाळिशी-पन्नाशीचे स्वार कमी नसतात, त्यांनाही फोनवरचा नकाशा पाहावाच लागतो.

तुकड्याची जागा : नंबराइतकीच ही बाब महत्त्वाची आहे, पण विक्रेते तिच्याविषयी क्वचितच बोलतात. घरातल्या बायफोकलमध्ये तुकड्याची वरची कड साधारण खालच्या पापणीच्या रेषेत ठेवतात. सायकलवर ती उंची घातक ठरू शकते. समजा, स्वाराचा डोळा जमिनीपासून १.६ मीटरवर आहे, मान सरळ आहे आणि तुकडा बाहुलीच्या ५ मिलिमीटर खाली सुरू होतो. डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तिथपासून भिंग साधारण २६ मिलिमीटर पुढे असते. यावरून मोजले तर समोरच्या सुमारे आठ मीटरच्या आतला सगळा रस्ता वाचायच्या भिंगातून, म्हणजे धूसर दिसणार. ताशी २० किलोमीटर वेगाने हे अंतर दीड सेकंदात संपते, आणि खड्डा, गतिरोधक, रस्त्यावर पडलेले उसाचे कांडे नेमके याच टापूत चुकवायचे असतात. तुकडा १० मिलिमीटर खाली सुरू झाला तर हा धूसर पट्टा सुमारे चार मीटरवर येतो. भिंगाच्या कडेवर चित्र एकदम उडी मारल्यासारखे होते, ती उडीही मग चाकाच्या जवळ सरकते.

बसण्याची पद्धत इथे फरक पाडते. वाकड्या हँडलच्या रेसर सायकलवर मान पुढे झुकलेली असते आणि नजर काचेच्या वरच्या भागातून जाते. तिथे तुकडा आपोआप वाटेतून बाजूला राहतो. दूध घालायला किंवा शेतावर जाणाऱ्याच्या उभ्या काळ्या सायकलवर पाठ ताठ असते, म्हणून त्या स्वाराने तुकडा आणखी खाली असलेला गॉगल शोधावा. तयार गॉगलमध्ये तुकड्याची जागा बदलता येत नाही. त्यामुळे दुकानात आरशात चेहरा पाहत बसण्यापेक्षा गॉगल घालून दारात उभे राहावे, सायकलवर बसल्यासारखे वाकावे आणि चार पावलांवरची जमीन स्पष्ट दिसते का ते पाहावे. दुकानातली पायरी उतरतानाही कसोटी लागते.

तुकडा अरुंद असलेला बरा. काचेच्या संपूर्ण रुंदीभर पसरलेले वाचनभिंग दिसायला ऐसपैस वाटते, पण मागून येणारी ट्रॉली पाहायला मान वळवून तिरके खाली पाहिले की तेच आडवे येते. या रस्त्यांवर खांद्यावरून मागे पाहणे टाळता येत नाही.

चिकटभिंग : पाण्याने चिकटणारी मऊ प्लास्टिकची अर्धगोल भिंगे वेगळी मिळतात. आवडत्या गॉगलच्या आतल्या बाजूला ती ओली करून बसवायची, कात्रीने आकार द्यायचा, जागा चुकली तर काढून पुन्हा लावायची. चित्र थोडे मऊसर दिसते आणि घामाच्या धारेने किंवा धुताना ती निसटतात. तरीही पहिल्या खरेदीआधी हा प्रयोग जरूर करावा : योग्य नंबर आणि योग्य उंची कोणती, हे थोड्या खर्चात आपल्याच सायकलवर कळते.

लांबचा नंबर असेल तर : वर सांगितलेले सर्व ज्यांची लांबची नजर चांगली आहे त्यांच्यासाठी. मायनस नंबर किंवा तिरपा नंबर असलेल्याने तयार बायफोकल गॉगल घेऊ नये. रस्ताच धूसर दिसेल. फार वळलेल्या काचेत मोठा नंबर बसवला तर कडेला वस्तू वाकड्या दिसतात, म्हणून अशा चौकटींना नंबराची मर्यादा असते. तिथे आत बसवायची नंबराची वेगळी चौकट, कमी वळणाची फ्रेम किंवा कॉन्टॅक्ट लेन्स आणि त्यावर तयार बायफोकल गॉगल हे पर्याय उरतात. धूळ-काजळीच्या दिवसांत कॉन्टॅक्ट लेन्स त्रासदायक होते. प्रोग्रेसिव्ह भिंगात कड दिसत नाही, पण कडेचा भाग अस्पष्ट असतो. रोज तोच चष्मा वापरणाऱ्याला त्याची सवय असते. केवळ सायकलसाठी तो करून घेणे महागात पडते.

काचेचा रंग : रंगाच्या गडदपणाचे ० ते ४ असे पाच वर्ग मानले जातात. वर्ग ३ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत येऊ देते. दुपारच्या उन्हाला ती पुरते. वर्ग ४ची काच रस्त्यावर वापरूच नये. अतिनील किरण अडवणे आणि गडद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडद पण संरक्षण नसलेल्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि उलट जास्त किरण आत जातात. तपकिरी छटेत डांबरावरचे खाचखळगे उठून दिसतात.

उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचांचा मोह इथे जपून धरावा. उष्णता वाढली की त्या कमी गडद होतात, म्हणजे एप्रिल-मेच्या रणरणत्या दुपारी त्या हव्या तितक्या गडद होत नाहीत, आणि सावलीत शिरल्यावर उजळायला वेळ घेतात. पोलराइज्ड काच उजनी धरणाच्या पाण्यावरची तिरीप छान मारते, भिगवणला पक्षी पाहणाऱ्यांना ती हवीशी वाटते. पण तिच्यातून काही मीटरचे आणि फोनचे पडदे काळे दिसतात. वाचनासाठीच गॉगल घ्यायचा आणि पडदाच दिसू नये, असे व्हायला नको. खरेदी करताना आपला मीटर सोबत नेऊन तिरपा-सरळ करून पाहावा. संध्याकाळी परतायला उशीर होत असेल तर पारदर्शक काच बदलून लावता येणारी फ्रेम घ्यावी. मागचा दिवा नसलेली ट्रॉली गडद काचेतून दिसायला फार उशीर होतो.

निगा : घाम काचेच्या खालच्या भागात साचतो, म्हणजे नेमका वाचनभिंगावर. काजळी बसलेली काच कोरड्या उपरण्याने पुसली की चरे पडतात. आधी पाणी ओतावे, मग मऊ कापड.

तपासणी : तयार गॉगलमध्ये दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखाच असतो आणि बाहुल्यांमधले अंतर सरासरीचे धरलेले असते. हे सगळ्यांना मानवत नाही. डोके दुखू लागले तर गॉगल बाजूला ठेवावा. चाळिशीनंतर काचबिंदूसारखे विकार कुरकुर न करता वाढतात, आणि प्लस भिंगाने अक्षरे स्पष्ट झाली की माणूस तपासणीला जात नाही. राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमात वृद्धांना जवळच्या कामासाठी मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. सायकलचा गॉगल त्यात बसत नाही. तो आपल्या खर्चाने घ्यावा, पण त्याआधी डोळ्यांचा दाब आणि पडदा नेत्रतज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्यावा.