खेळ दुसऱ्या गांवीं नेतांना

कल्याणाच्या कडेनें जी उल्हास नदी वाहते, तीच घोडबंदराला वळसा घालून, वसईच्या खाडीच्या रूपानें, आमच्या डोंगरी गांवाच्या उत्तरेस समुद्रास मिळते. आज मी जी हकीकत सांगणार आहें, तिचा एक धागा या नदीच्या वरच्या अंगास कल्याणांत आहे व दुसरा खालच्या अंगास डोंगरींत. विषय साधा आहे. पडद्यावर दाखवावयाचा चित्रांचा खेळ एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेला, म्हणजे तो कां बिघडतो? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, उभा जन्म शाळेंत घालविलेला मास्तर; यंत्रशास्त्र मला येत नाहीं. परंतु इतिहास शिकवितां शिकवितां एक गोष्ट ध्यानांत आली, ती ही कीं, ज्या अडचणीला आपण नवी समजतों, तिला बहुधा आजे-पणजे असतात.

प्रथम माझी फजिती सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं भाईंदरच्या एका सभागृहांत वसईच्या मोहिमेवर माझें व्याख्यान होतें. १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या फौजेनें वसई घेतली. त्याआधीं त्याच वर्षीं धारावीचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला होता. त्या किल्ल्याची जागा आमच्या गांवापासून जवळच आहे. संगणकावर पॉवरपॉईंटमध्यें मीं चाळीस चित्रें ओळीनें बसविलीं व शेवटीं एक चलच्चित्र जोडलें. माझे एक सहाध्यापक वारण्यापूर्वीं थोडेच दिवस त्या जागीं उभे राहून किल्ल्याविषयीं बोलले होते व माझ्या पुतण्यानें तें फोनवर टिपलें होतें. उणींपुरीं पांच मिनिटें. त्यांचा हालताबोलता असा दुसरा ठेवा नाहीं. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेंत येऊन बसल्या होत्या, त्या तेवढ्याचसाठीं. घरीं सर्व सुरळीत चाललें होतें. पेनड्राइव्हवर खेळ घेऊन तो तेथल्या संगणकाला लावला. चित्रें आलीं. चलच्चित्राच्या जागीं मात्र काळा चौकोन!

तो चौकोन तसाच ठेवून आपण थोडे मागें जाऊं.

कांचेवरचें चित्र दिव्याच्या उजेडानें भिंतीवर मोठें करून दाखविणारा जादूचा कंदील डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हायगेन्स यानें १६५९ च्या सुमारास सिद्ध केला. आपल्याकडे त्याला खरें मराठी रूप दिलें, तें कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं. १८९० च्या दशकांत त्यांनीं व त्यांच्या पुत्रांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें खेळ केले. शांबरी म्हणजे माया. नांवांतच जादू होती. हातानें रंगविलेल्या कांचा, पुराणांतले प्रसंग, जोडीला तोंडीं निवेदन, आणि एकाहून अधिक कंदिलांवर कांचा झपाट्यानें बदलून उत्पन्न केलेला हालचालीचा भास, असा तो थाट होता.

आतां असा खेळ परगांवीं न्यावयाचा म्हणजे काय काय न्यावें लागे, याचा विचार करा. नुसत्या कांचांनीं भागत नाहीं. कंदील पाहिजे, भिंग पाहिजे, दिव्याचें जळण पाहिजे, पडदा पाहिजे. आणि कोणत्या कांचेमागून कोणती, हें जाणणारा व त्यावर बोलणारा माणूस तर पाहिजेच. ज्याला आपण खेळ म्हणतों, तो कोणत्याही एका पेटींत नसतो. पांचसात वस्तु एका वेळीं एके ठिकाणीं जमतात, तेव्हां तो उभा राहतो. शिवाय कांचेचें मापही सर्वत्र एक नसे. इंग्रजी बनावटीची कांच सव्वातीन इंच चौरस, तर अमेरिकन कांच सव्वातीन इंच उंच व चार इंच रुंद. एकीच्या खोबणींत दुसरी बसावी कशी? म्हणजे, कांहीं मागें राहणें आणि नेलेलें न जुळणें, हीं दोन्हीं दुखणीं कंदिलाच्या काळापासूनचीं आहेत.

७ जुलै १८९६ या दिवशीं मुंबईंत वॉटसन हॉटेलांत ल्युमिए बंधूंचा सिनेमॅटोग्राफ प्रथम दाखविण्यांत आला. त्यांचे प्रतिनिधि मारियस सेस्तिए तें यंत्र घेऊन आले होते व त्याच वर्षीं तें पुढें ऑस्ट्रेलियास घेऊन गेले. फिती आणि यंत्र एकाच माणसाबरोबर प्रवास करीत, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारण ल्युमिएंच्या फितीला प्रत्येक चित्रामागें दोहों बाजूंस एकेक वाटोळें छिद्र असे, तर एडिसनच्या फितीला दोहों बाजूंस चार-चार चौकोनी छिद्रें. रुंदी दोघांची जवळजवळ सारखीच, पसतीस मिलिमीटर; वरून पाहणाराला फरक कळूं नये. परंतु एकाची फीत दुसऱ्याच्या दांत्यांवर चालत नसे. पुढें १९०९ सालीं एडिसनच्या पद्धतीचें माप सर्वमान्य झालें, आणि मगच कोणत्याही गांवची फीत कोणत्याही गांवच्या यंत्रावर चढूं लागली.

बोलपट आला, तेव्हां मागें राहण्याचें दुखणें पुन्हां उपटलें. १९२६ मध्यें अमेरिकेंत पुढें आलेल्या व्हिटाफोन पद्धतींत चित्र फितीवर असे आणि आवाज वेगळ्या सोळा इंची तबकडीवर. एका रिळाला एक तबकडी. तबकडी फुटली किंवा चुकीची आली, कीं नट मुके होत. फीत तुटून चार चित्रें गळालीं, तर ओठ एक बोलत व आवाज दुसरेंच. म्हणून गळालेल्या चित्रांइतकी काळी फीत मध्यें जोडावी लागे. हा त्रास कायमचा मिटला, तो आवाज फितीच्याच कडेवर छापला जाऊं लागला तेव्हां. खेळाचीं दोन अंगें एका देहांत आलीं.

आतां माझ्या काळ्या चौकोनाकडे येतों. पॉवरपॉईंट १९८७ सालीं निघालें. त्यांत चलच्चित्र दोन प्रकारें ठेवतां येतें. एक तर तें खेळाच्या पोटांतच भरावें, नाहीं तर तें संगणकांत अमुक ठिकाणीं आहे एवढा पत्ता नोंदवावा. खेळाचा बोजा हलका राहावा म्हणून मीं पत्ता नोंदविला होता. पेनड्राइव्हवर पत्ता गेला, माणूस घरींच राहिला! थोडक्यांत, व्हिटाफोनची तबकडी मी घरीं विसरलों होतों. पुतण्या मोटारसायकलीवरून डोंगरीस धांवला व चलच्चित्र घेऊन आला. तोंवर सभागृह निम्में रिकामें झालें होतें. बाई मात्र बसून होत्या.

तें लावलें, तों दुसरें दुखणें निघालें. आवाज आला, चित्र नाहीं. फोननें तें एचईव्हीसी या नव्या रीतीनें दाबून सांठविलें होतें व तेथल्या जुन्या संगणकाला ती रीत उलगडतां येत नव्हती. डबा ओळखीचा, आंतली बांधणी अनोळखी. ल्युमिएंची फीत आणि एडिसनचे दांते! मीं बंद करावयास हात पुढें केला, तों बाई म्हणाल्या, “राहूं द्या, मास्तर. ऐकूं द्या.” अंधारांत आम्ही पांच मिनिटें तो आवाज ऐकला. मागें समुद्राचा वारा होता. कोणी हाललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें चलच्चित्र एच.२६४ या, बहुतेक यंत्रांना उमजणाऱ्या, जुन्या रीतींत बदलून एमपी४ केलें. मीं तें खेळाच्या पोटांत भरलें, वेगळी प्रतही त्याच फोल्डरांत ठेवली, आणि अक्षरांचे वळणही खेळाबरोबर बांधून घेतलें. नाहीं तर परक्या संगणकावर देवनागरी विस्कटते. मग शेजाऱ्याच्या संगणकावर आरंभापासून शेवटपर्यंत तालीम केली. कारण घरच्या यंत्रावरची तालीम ही तालीमच नव्हे. तेथें सर्व वस्तु आधींच जमलेल्या असतात. एवढें झाल्यावर बाईंच्या घरीं जाऊन त्यांना तें दाखविलें. त्यांनीं दोनदां पाहिलें व चहा केला.

श्रोतेहो, आपल्या घरोघरीं आतां असे ठेवे आहेत : कोणाची आजी ओवी म्हणतांना, कोणाचे वडील अंगणांत बसलेले. तें आपल्या यंत्रावर दिसतें, म्हणून तें सुरक्षित आहे असें समजूं नका. एकदां तें परक्या यंत्रावर लावून पहा. मागें काय राहिलें आणि काय जुळत नाहीं, तें तेव्हांच कळेल. माणूस हयात आहे तोंवर ही चूक दुरुस्त करतां येते. माझ्या हातून ठेवा गेला नाहीं, हें केवळ दैव. पुतण्यानें मूळ प्रत पुसली नव्हती, इतकेंच.